टाकी भरलेलीच होती

काल आमच्या बोरमळ्याची यात्रा झाली. आज सकाळपासून मी फोन मांडीवर घेऊन बसले आहे, आणि नुसतं बसवत नाही म्हणून हे लिहिते आहे. लिहायचं आहे ते सावळेरामबद्दल. गाव त्याला सरबत्या म्हणतं. हे नाव त्याला मी दिलं. मुद्दाम नाही दिलं, पण जिभेला हाड नसलं की असं होतं. तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पोरं कुठल्या कुठे गेली, पण या वाडीत माझी म्हणून टिकलेली गोष्ट एकच, ती म्हणजे हे टोपणनाव.

सावळेराम सातवीत होता. शेकडेवारीचा धडा चालू होता आणि मी फळ्यावर उदाहरण लिहिलं होतं: माठात दहा लिटर सरबत आहे, त्यात साखर वीस टक्के. पाहुणे अर्धं सरबत प्यायले. घरच्या बाईने तेवढंच पाणी ओतून माठ पुन्हा भरला. तर आता साखर किती टक्के? सावळेराम कधी हात वर करायचा नाही. त्या दिवशी त्याने केला. उभा राहून म्हणाला, "वीस टक्के, बाई."

"कसे रे वीस?"

"माठ तर भरलेलाच हाय ना, बाई."

आता यावर काय सांगायचं असतं? "अरे, प्यालेल्या सरबताबरोबर साखरही गेली की." एवढं एक वाक्य. सांगायला किती वेळ लागतो? पण मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हजरजबाबी समजत होते. मी म्हणाले, "सावळेराम, तुझ्याकडेच यायला पाहिजे बाबा उन्हाळ्यात! तुझं सरबत संपायचंच नाही!" वर्ग खदाखदा हसला. सावळेराम पण हसला, हे मला नीट आठवतं. हसत हसत खाली बसला आणि पुन्हा वर्षभर त्याचा हात वर आला नाही. परीक्षेत त्याला मी पस्तीस देऊन वर ढकलला. पुढे त्याने शाळा सोडली, गावाने 'सरबत्या' हे नाव धरून ठेवलं.

गेली अठरा वर्षं गावाचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे आहे. ओढ्याकाठच्या विहिरीवरची मोटार, टेकाडावरची वीस हजार लिटरची टाकी आणि त्याखालचे नळ, हा त्याचा संसार. आमचा हा लोणीकडचा भाग पाण्याच्या बाबतीत कोरडाच. पश्चिमेला डोंगरात भाताची खाचरं पाण्याने भरलेली असतात तेव्हा आम्ही आभाळाकडे बघत असतो. त्यामुळे इथल्या घरांची एक रीत आहे: भांडं अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. हंडा असो, माठ असो, अर्धा झाला की वरून भरून ठेवायचा. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, मग रिकाम्या भांड्याचं तोंड बघायचं कशाला? नवी सून आली की तिला चुलीच्या आधी हे शिकवतात. सावळेरामच्या आईने, ठमाबाईने, त्याला शिकवलं, त्याने त्याच्या रत्नाला.

कामात माणूस चोख. पाण्यातले जंतू मारायला टीसीएल पावडर टाकावी लागते. लोक तिला नुसतं 'औषध' म्हणतात. ती बादलीत कालवायची, निवळू द्यायची आणि वरचं पाणी टाकीत ओतायचं. मोटार तो हाताने सुरू करायचा, टाकी तळाला गेलेली असायची, भरली की औषध. रिकामी टाकी भरली की एक माप, हा त्याचा नियम. अठरा वर्षांत तो चुकला नाही. मग सकाळी शेवटच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन माझ्याकडे यायचा, कारण तपासणीची पेटी आणि रजिस्टर माझ्या घरी. त्याचं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून नोंद मी करते. पाण्यात ओटी नावाच्या रसायनाचे दोन थेंब टाकायचे. औषध असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर होतं तसंच राहतं. रोज पिवळं व्हायचं. "झालं पिवळं, बाई?" "झालं रे." "मंग ल्ह्या." आमचं रोजचं बोलणं एवढंच.

यंदा फेब्रुवारीत ग्रामपंचायतीने मोटारीला ॲटो बसवला. टाकी अर्धी झाली की मोटार आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. सावळेराम फार खूश झाला. "बाई, आता टाकीसुदिक अर्ध्याच्या खाली जायची न्हाई. आपल्या हंड्यावानीच झाली की ओ!" मीही कौतुक केलं. एरवी रात्रीत अर्धी टाकी भरायची, सकाळी तो औषध टाकायचा, दिवसभर तेवढंच पाणी वापरलं जायचं. काही बिघडलं नाही. दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, की जी टाकी कधी रिकामीच होत नाही, तिला 'रिकामी टाकी भरली की एक माप' हा नियम कसा लावायचा.

यात्रेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वळीव झोडपून गेला. गारा पडल्या, शर्यतीच्या घाटावरचा मांडव उडाला. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून आमच्या यात्रेला बैलगाडे लांबून लांबून येतात आणि आदल्या दिवशीच ओढ्याच्या वरच्या अंगाला मुक्काम टाकतात. शे-दीडशे बैल, दोन-तीनशे माणसं, उघड्यावरच सगळं. पावसाने ते सारं धुऊन ओढ्यात आणलं. सकाळी मी विहिरीवरून गेले तर पाणी कठड्याच्या दोन हात खाली येऊन गढूळ फिरत होतं. मला ते बघून बरं वाटलं नाही. सावळेरामला म्हटलं, "आज औषध नीट घाल हो." तो म्हणाला, "सहाला उठून घातलंय बाई, वाईच जास्तीच." बाटली पुढे केली. दोन थेंब टाकले. पिवळंधमक. मी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि निश्चिंतपणे मासवडीचं बेसन कालवायला बसले. आज त्या पानाकडे बघवत नाही.

सावळेराम काल उडत होता, आणि त्याला कारण होतं. रत्ना आली होती. त्याची ही एकुलती एक लेक आळेफाट्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तिथे गॅरेजात काम करणाऱ्या घाटघरच्या गोकुळशी तिने आपल्या मनाने लग्न केलं. कुठे आमची लोणीची शीव आणि कुठे नाणेघाटाजवळचं घाटघर! सावळेराम दोन वर्षं तिच्याशी बोलला नव्हता. पण तिला मुलगा झाला, स्वराज, आणि तेरा महिन्यांच्या नातवाचं जावळ काढायचं ते भैरवनाथापुढेच काढायचं, असा निरोप सावळेरामने आपणहून धाडला. काल सकाळी जावळ निघालं. चकचकीत टकलाचं, भंडारा फासलेलं ते पोर खांद्यावर घेऊन आजोबा गावभर फिरला. नळावर नेऊन दाखवत होता, "ह्ये बघ, ह्ये तुज्या आज्ज्याचं पाणी."

आमची वाडी साडेसहाशे माणसांची. काल दोन हजारांवर माणूस होतं. घरोघरी पंगती, घाटावर रसवंत्या, बैलांना पाणी, गाड्या धुवायला पाणी. नळ दिवसभर बंद झाले नाहीत. टेकाडावरून मोटारीची घरघर अधूनमधून कानावर यायची, आणि सावळेराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "टाकी फुल्ल हाय. पायजे तेवढं घ्या."

दुपारी पंगतीत मंचरकडचे एक पाहुणे म्हणाले, "बाई, यंदा पानी लई ग्वाड लागतंय तुमचं. मागल्या वर्षी औषधाचा वास मारीत व्हता. यंदा वासच न्हाई." शेजारच्या बाईने मान डोलावली. सावळेराम वाढायला होता, त्याच्यापर्यंत ते गेलं आणि त्याचा चेहरा फुलला. मी पण हसले. काय झालं होतं मला? तेहेतीस वर्षं लोकांच्या पोरांची गणितं तपासली, आणि 'वास नाही' हे ऐकून मी हसले.

चारच्या सुमारास गोकुळची जीप निघाली. घाटघर लांब, अंधाराच्या आत पोचायचं होतं. ठमाबाईने लेकाच्या लेकीची ओटी भरली, डोळे पुसले. सावळेराम पोराची बाटली घेऊन टाकीखालच्या नळाकडे गेला. रत्ना म्हणाली, "राहू द्या आप्पा, वाटंत इकत घेऊ." तर तो म्हणाला, "इकतचं कशाला? आज्ज्याच्या टाकीला औषध असतंय, तुमच्या डोंगराच्या झऱ्याला कोन घालतंय?" स्वतःच्या हाताने बाटली विसळली, काठोकाठ भरली, उपरण्याने पुसली आणि लेकीच्या हातात दिली. "अर्धी झाली की भर गं. रिकामी हू दिऊ नगं." दोन वर्षांचा अबोला त्या बाटलीत मिटला. जीप वळेपर्यंत तो हात हलवत होता.

साडेपाचला गर्दी पांगली. मी ओसरीवर टेकले, तांब्याभर पाणी घेतलं आणि पहिला घोट घेताच थांबले. खरोखरच वास नव्हता. सकाळी तर पाणी पिवळंधमक झालं होतं, मग वास गेला कुठे? मी आत जाऊन पेटी काढली. दोन थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. पुन्हा दोन टाकले, वाटलं थेंब चुकले. उजेडात धरून बघितलं. स्वच्छ, नितळ, जरासुद्धा पिवळं नाही. तशीच पेटी घेऊन टेकाड चढले.

सावळेराम टाकीच्या सावलीत बिडी ओढत बसला होता.

"सावळेराम, औषध पुन्हा कधी घातलंस?"

"सकाळी सहाला. रजिस्टरात लिव्हलंय की तुमी."

"त्यानंतर?"

"त्येच्यानंतर कशापायी? टाकी रिकामी झालीच न्हाई बाई. ॲटो हाय ना. कवाबी बघा, टाकी भरलेलीच हाय."

चौतीस वर्षांनी तेच वाक्य. तोच भाबडा चेहरा, फक्त केस पिकलेले. या वेळी हसायला वर्ग नव्हता. मी त्याला म्हटलं, "पेला आण." त्याने चहाचा काचेचा पेला आणला. त्याच्या कनवटीला भंडाऱ्याची पुडी होती, त्यातली चिमूट पाण्यात टाकून ढवळली. पाणी पिवळं झालं.

"ही तुझी सकाळची टाकी. मोटार किती वेळा चालली आज?"

"धाच्या आत एकदा. मंग जेवनं चालू व्हती तवा. मंग तीनच्या टायमाला. तीन बारी."

"दर वेळी टाकी अर्धी झाल्यावर?"

"व्हय."

मी पेला अर्धा ओतून दिला, आणि तांब्यातलं साधं पाणी घालून पुन्हा काठोकाठ भरला. "ही दहाची टाकी. भरलेली आहे ना? पण पिवळेपणा किती राहिला?"

तो बघत राहिला. "निम्मा."

पुन्हा अर्धा ओतला, पुन्हा भरला. तिसऱ्यांदा ओतला, भरला. पेल्यात आता नुसती पिवळी झाक होती, ती पण सांगितल्याशिवाय दिसली नसती. सावळेरामने पेला हातात घेतला. त्याचे ओठ हलत होते. मग हळूच म्हणाला, "शंभर व्हतं. पन्नास झालं. मंग पंचवीस. मंग साडेबारा." बोटांवर न मोजता, कागद न घेता. त्याला ते येत होतं. त्या दिवशी एक पेला आणि पाच मिनिटं खर्च केली असती तर सातवीतच आलं असतं.

"आन् गढूळ इहिरीतलं पानी," तो म्हणाला, "त्येला साडेबारानं काय हुनार? बैलांची घान, मान्सांची घान..." आणि त्याने पेला खाली ठेवला.

"बाई, तीनच्या मोटारीनंतर मी पोराची बाटली भरली."

खोटं बोलावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं, एवढ्याने काही होत नाही, लेकरं कसलंही पाणी पचवतात. पण त्याने नुकतंच गणित बरोबर सोडवलं होतं आणि मी त्याला चूक ठरवू शकत नव्हते.

त्याने आधी गावाचं केलं. टाकीचा वॉल्व्ह बंद केला, शिडी चढून औषध ओतलं, देवळातल्या भोंग्यावर सांगायला लावलं की घरातलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. भोंगा ऐकायला गावात कोण उरलं होतं? दोन हजारांतले दीड हजार कधीच आपापल्या वाटेने गेले होते, कुणी नाशिकच्या गाडीने, कुणी नगरच्या, आणि निघताना प्रत्येकाने आमच्या गोड पाण्याची बाटली भरून नेली होती. मग तो फोन लावत बसला. गोकुळचा बंद. रत्नाचा बंद. घाटघरला रेंज येते ती एका खडकावर उभं राहिल्यावर, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सातव्या की आठव्या वेळी त्याने फोन खिशात टाकला, भिमाजीची मोटारसायकल घेतली आणि गेला. भिमाजी त्याचा चुलतभाऊ. म्हणाला, मी येतो संगं. सावळेराम म्हणाला, "तू टाकीपाशी थांब. मोटार चालली का लिहून ठिव."

आज सकाळी सहाला पहिला निरोप आला तो भिमाजीच्याच घरून. त्याच्या सुनेला रात्रभर जुलाब. मग वरच्या आळीतून दोन. मग आळेफाट्याहून काल जेवून गेलेल्या पाहुण्यांचा फोन, घरात तिघं आडवे. आठ वाजता आरोग्य खात्याची ताई आली, वही उघडून म्हणाली, "बाई, आजारी सात. गावाची लोकसंख्या साडेसहाशे. म्हणजे एक टक्का, घाबरण्यासारखं नाही." मी तिला म्हटलं, "पाणी प्यालेले किती, आणि ते आत्ता कुठे कुठे आहेत, हे तुला ठाऊक आहे का? मग टक्के कशाचे काढतेस?" तिने वही मिटली. तिचा काय दोष, चिडायचं होतं ते मला माझ्यावर.

साडेआठला सावळेरामचा फोन आला. मागे जीपचा आवाज होता आणि रत्ना काहीतरी एकसारखं पुटपुटत होती.

"बाई, पोराला घिऊन जुन्नरला निघालोय. पहाटंपासनं उलट्या आन् पातळ. डोळं आत गेल्यात. हाक मारली तर बघत न्हाई."

"पाणी?" मी विचारलं. "बाटलीतलं प्यालं का ते?"

"मी पोचलो तर रत्नीनं बाटली पुढं ठिवली. म्हनली, आप्पा, तुमी सांगितलं तसंच केलं, रिकामी हू दिली न्हाई. बघितलं तर बाटली भरलेलीच व्हती, बाई." मग म्हणाला, सावकाश, एकेक शब्द मोजून. "मी इचारलं, वरनं किती बारी भरली. तर म्हनली, नारायणगावला अर्धी झाली, तितं भरली. जुन्नरला अर्धी झाली, तितं भरली. घरी गेल्यावर अर्धी झाली, घरचं उकाळल्यालं घातलं. तीन बारी."

मी डोळे मिटून घेतले.

"म्हंजी बाटलीत आपलं पानी ऱ्हायलंय साडेबारा टक्के. बाकीचं साडेसत्त्याऐंशी टक्के पोराच्या पोटात हाय. बरोबर हाय का, बाई?"

तो विचारत होता. चौतीस वर्षांनी सावळेरामने पुन्हा हात वर केला होता, आणि उत्तरात एका दाण्याचीही चूक नव्हती. ते चूक असावं म्हणून मी भैरवनाथाला मनातल्या मनात काय काय बोलले ते माझं मला माहीत.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

तेवढ्यात त्यांची रेंज गेली. तेव्हापासून फोन मांडीवर आहे.